हेवीवेटचा किताब कधीच न मिळालेले मोठे बॉक्सर: यादीत कुणाला घ्यायचं?

डावखुरा_जॅब

हेवीवेटचं (बॉक्सिंगमधल्या सगळ्यात जड वजनगटाचं) जगज्जेतेपद कधीच न मिळालेल्या दहा बॉक्सरांची यादी करतोय. ग्लोव्ह्ज घालून लढायला सुरुवात झाली तेव्हापासून आजपर्यंतची. नावं भरपूर जमली आहेत, पण चाळणी कुठली लावायची तिथे गाडी अडली आहे.

बिली कॉन आणि आर्ची मूर लाइट-हेवीवेटचे जगज्जेते होते, हेवीवेटचे नव्हते. त्यांना घ्यायचं का? रे मर्सरकडे १९९१ मध्ये डब्ल्यूबीओ या संघटनेचा पट्टा (किताब) होता, म्हणजे तो जगज्जेता धरायचा का? सॅम लँगफर्डच्या बऱ्याच लढतींचा अधिकृत निकालच लागलेला नाही. मग त्याची अर्नी शेव्हर्सशी तुलना कोणत्या मापाने करायची? आणि बहुतेक याद्यांत शेव्हर्स पहिल्या तिघांत असतो. ६८ नॉकआउट आहेत हे खरं, पण तेवढ्यावर ती जागा त्याची होते का?

मत द्या, पण सोबत कारणही द्या. लढत कुठली, साल कुठलं, रिंगमध्ये काय झालं.

कोपऱ्यातला_स्टूल

आधी जगज्जेता कुणाला म्हणायचं ते ठरवून टाका, नाहीतर दर दोन नावांमागे नियम बदलावा लागेल.

एनबीए (नॅशनल बॉक्सिंग असोसिएशन) ही संघटना १९२१ मध्ये निघाली, १९६२ मध्ये तिची डब्ल्यूबीए झाली. १९६३ मध्ये डब्ल्यूबीसी आली, १९८३ मध्ये आयबीएफ, १९८८ मध्ये डब्ल्यूबीओ. लँगफर्डच्या काळात आत जायला एकच दार होतं आणि डेव्हिड टुआच्या काळात चार होती. एका दाराच्या काळात बाहेर राहिलेला आणि चार दारांच्या काळात बाहेर राहिलेला, दोघांना एकच न्याय लावता येत नाही. यादी करताना हे पहिलं ध्यानात ठेवा.

मी नियम असा लावेन: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ यांपैकी कुठलाही मुख्य पट्टा मिळाला की माणूस यादीबाहेर. त्यामुळे अर्नी टेरेल आणि जिमी एलिस बाहेर जातात. दोघांकडे आलेला डब्ल्यूबीएचा किताब संघटनेने मुहम्मद अली याच्याकडून काढून घेतलेला होता, तरीही. डब्ल्यूबीओचा पहिला हेवीवेट विजेता १९८९ मध्ये फ्रान्चेस्को दामियानी. त्या सुरुवातीच्या वर्षांत बाकीच्या तीन पट्ट्यांच्या तुलनेत त्याला वजन नव्हतं, त्यामुळे मर्सर यादीत बसू शकतो. मात्र मर्सरला घेतलंत तर टॉमी मॉरिसनचाही विचार करावा लागेल, कारण १९९३ मध्ये त्याने जॉर्ज फोरमनला हरवून मिळवला तो हाच पट्टा. एकाला सूट आणि दुसऱ्याला नाही, असं चालणार नाही. मुख्य विजेता वेगळा असताना दिलेले ‘इंटरिम’ आणि ‘रेग्युलर’ पट्टे मोजूच नका.

कॉन आणि मूरला मी वेगळं ठेवेन. कॉनची हेवीवेटमधली सगळी कीर्ती प्रामुख्याने एका रात्रीवर उभी आहे: १८ जून १९४१, पोलो ग्राउंड्स, न्यूयॉर्क. बारा फेऱ्यांनंतर गुणांच्या तीनपैकी दोन कार्डांवर तो ज्यो लुईच्या पुढे होता. तेराव्या फेरीत त्याने लुईला नॉकआउट करायचं मनात घेतलं, समोरासमोर उभा राहून ठोसे द्यायला-घ्यायला लागला, आणि फेरी संपायला २ सेकंद उरले असताना तो बाद झाला. मूरने १९५५ मध्ये जगज्जेता रॉकी मार्सियानोला दुसऱ्या फेरीत खाली पाडलं आणि नवव्या फेरीत हरला. दोघेही महान, पण त्यांच्या नावापुढे ‘जगज्जेता’ लागलेलं आहे. तुमचा विषय ज्यांच्या नावापुढे ते कधीच लागलं नाही त्यांचा आहे.

आता खरा मुद्दा. बाहेर राहिलेल्यांचे दोन ढीग करा. एका ढिगात ज्यांना किताबाची लढत कधी मिळालीच नाही ते: पीटर जॅक्सन, लँगफर्ड, हॅरी विल्स, जिमी बिव्हिन्स, एडी मेकन त्याच्या बहरात. दुसऱ्या ढिगात ज्यांना लढत मिळाली आणि हरले ते: जेरी क्वारी, शेव्हर्स, रॉन लाईल, गेरी कूनी, टुआ, अँड्र्यू गोलोटा. पहिल्या ढिगातल्या माणसाबद्दल प्रश्न ‘जिंकला असता का’ हा असतो. दुसऱ्या ढिगातल्याबद्दल ‘का हरला’ हा. हे दोन प्रश्न एकाच क्रमवारीत कोंबले की शेव्हर्स लँगफर्डच्या वर जातो, आणि ते अन्यायाचं आहे.

जुनी_फिल्म

स्टूल यांचे दोन ढीग पटले. पहिल्या ढिगाबद्दल सविस्तर लिहितो, कारण तिथेच आकडे वाचताना सगळ्यात जास्त घोळ होतो.

निकाल नसलेल्या लढती म्हणजे काय ते आधी. न्यूयॉर्कमध्ये १९११ ते १९१७ फ्रॉली कायदा होता. लढत फार तर १० फेऱ्यांची, आणि दोघेही शेवटपर्यंत उभे राहिले तर विजेता जाहीर करायचा नाही. दुसऱ्या काही राज्यांतही असेच नियम होते. दुसऱ्या दिवशी वार्ताहर आपापल्या पेपरात ‘अमुक वरचढ ठरला’ असं छापायचे आणि पैजांचे हिशेब त्यावर मिटायचे. याला ‘न्यूजपेपर डिसिजन’ म्हणतात. आजच्या नोंदवह्यांत हे निकाल वेगळ्या खुणेने दिलेले असतात. ते विजय-पराभवात सरळ मिसळू नका. एकच पेपर बघू नका, कारण गावातला वार्ताहर गावच्या माणसाकडे झुकतो. दोन-तीन पेपर एकमुखाने सांगत असतील तरच निकाल धरा, मतभेद असतील तर बरोबरी धरा.

दुसरा घोळ त्याच त्या प्रतिस्पर्ध्यांचा. गोरे बॉक्सर काळ्या बॉक्सरांशी लढायला नकार द्यायचे, त्यामुळे लँगफर्ड, विल्स, ज्यो जिनेट आणि सॅम मॅकव्ही एकमेकांशीच पुन:पुन्हा लढले. लँगफर्ड आणि विल्स किमान १७ वेळा भिडले. प्रत्येक लढत सुटी मोजली तर दोघांचेही आकडे फुगतात. मालिका हा एकच प्रतिस्पर्धी धरा आणि त्यातल्या निर्णायक लढती बघा. लँगफर्डने विल्सला १९१४ मध्ये चौदाव्या आणि १९१६ मध्ये एकोणिसाव्या फेरीत नॉकआउट केलं. पुढे पारडं विल्सकडे झुकलं, पण लँगफर्ड तेव्हा उतरणीला लागला होता. १९१७ मध्ये फ्रेड फुल्टनशी झालेल्या लढतीत त्याचा एक डोळा गेला आणि त्यानंतरही तो अनेक वर्षं लढत राहिला. १९२२ मध्ये, दिसत जवळजवळ नसताना, त्याने टायगर फ्लॉवर्सला दुसऱ्या फेरीत झोपवलं. तोच फ्लॉवर्स १९२६ मध्ये मिडलवेटचा जगज्जेता झाला.

लँगफर्डची उंची जेमतेम ५ फूट ७ इंच. १९०३ मध्ये त्याने लाइटवेटचा विजेता ज्यो गॅन्सला हरवलं (किताब पणाला नव्हता), १९०४ मध्ये वेल्टरवेटचा विजेता ज्यो वॉलकॉट याच्याशी बरोबरी केली आणि मग थेट हेवीवेटांत शिरला. २६ एप्रिल १९०६ रोजी चेल्सी, मॅसॅच्युसेट्समध्ये तो जॅक जॉन्सनकडून १५ फेऱ्यांत गुणांवर हरला. जॉन्सन त्याच्यापेक्षा जवळपास ३० पौंडांनी जड होता. लँगफर्ड पुढे अंगाने भरला, पण १९०८ मध्ये जगज्जेता झाल्यावर जॉन्सनने त्याला एकदाही संधी दिली नाही. जगज्जेतेपदाच्या सव्वासहा वर्षांत जॉन्सनने फक्त एका काळ्या आव्हानवीराशी किताबाची लढत केली: बॅटलिंग जिम जॉन्सन, पॅरिस, डिसेंबर १९१३, दहा फेऱ्यांत बरोबरी. कारण पैशाचं होतं. गोऱ्या आव्हानवीराशी लढत लावली की तिकिटं खपायची, आणि लँगफर्डशी लढण्यात धोका मोठा आणि कमाई कमी.

त्याच्या मोजक्याच लढती फिल्मवर आहेत. बघताना वेगाकडे लक्ष ठेवा. मूकपटांच्या काळातलं चित्रीकरण साधारण सेकंदाला १६ ते १८ चौकटींनी व्हायचं. तेच २४ चौकटींनी चालवलं की माणसं दीडपट वेगाने उड्या मारताना दिसतात आणि ‘हे कसलं बॉक्सिंग’ असं वाटतं. प्लेअरमध्ये वेग पाऊणपट किंवा त्याहून थोडा कमी करा, मग लँगफर्डचं काम दिसतं. तो खांदे आणि डोकं हलवत आत शिरतो, समोरच्याचा पुढचा हात दाबून ठेवतो आणि सहा-आठ इंचांच्या अंतरातून ठोसा देतो. हात मागे नेतच नाही. बुटक्या माणसाने उंच हेवीवेटांना कसं पाडलं याचं उत्तर तेच आहे: पल्ला लागतो तिथे तो थांबायचाच नाही.

विल्सचं प्रकरण तर कागदोपत्री नोंदलेलं आहे. १९२० च्या दशकात तो बरीच वर्षं जॅक डेम्प्सीचा पहिला आव्हानवीर होता. १९२५ मध्ये करारावर सह्या झाल्या, पण आयोजकाला डेम्प्सीचे पैसे उभे करता आले नाहीत. न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी ‘आधी विल्सशी लढ’ असा आग्रह धरला, म्हणून १९२६ ची डेम्प्सी-टनी लढत फिलाडेल्फियात झाली. महिनाभरात विल्स जॅक शार्कीकडून नियमभंगामुळे हरला आणि विषय संपला. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. १९१५ मध्ये जॉन्सन हरल्यानंतर १९३७ मध्ये ज्यो लुई येईपर्यंत एकाही काळ्या बॉक्सरला हेवीवेटच्या किताबासाठी लढू दिलं गेलं नाही. बावीस वर्षं.

पीटर जॅक्सन त्याही आधीचा. २१ मे १८९१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो जिम कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला. शेवटी दोघांनाही धड हात उचलवेनात, तेव्हा रेफ्रीने लढत थांबवली, निकाल नाही. पुढच्या वर्षी कॉर्बेटने जॉन एल. सलिव्हनला हरवून किताब घेतला. सलिव्हनने जॅक्सनला कातडीच्या रंगावरून आधीच नकार दिलेला होता. म्हणजे भावी जगज्जेत्याशी ६१ फेऱ्या बरोबरीने लढलेला माणूस किताबाच्या रिंगमध्ये कधी उतरलाच नाही. माझ्या यादीत लँगफर्ड पहिला, विल्स दुसरा, जॅक्सन तिसरा. या तिघांच्या वर मी कुणालाही ठेवणार नाही.

दहावी_फेरी

बिव्हिन्सबद्दल दोन ओळी, कारण त्याचं नाव नेहमी मागे पडतं. लुई सैन्यात गेल्यामुळे १९४२ च्या मार्चपासून १९४६ च्या जूनपर्यंत किताब गोठलेला होता. नेमका तोच काळ बिव्हिन्सचा. जून १९४२ ते फेब्रुवारी १९४६ तो एकही लढत हरला नाही. १९४३ मध्ये एझर्ड चार्ल्सला हरवलं, १९४५ मध्ये आर्ची मूरला सहाव्या फेरीत बाद केलं. लुई परत आला तोपर्यंत बिव्हिन्स जर्सी ज्यो वॉलकॉटकडून (वरचा वेल्टरवेटवाला वॉलकॉट नव्हे) हरला होता. त्याच्या बाबतीत रंगभेदापेक्षाही कॅलेंडर आडवं आलं.

मेकन आणि झोरा फॉली यांचंही तसंच. १९५७-५८ मध्ये दोघे आव्हानवीरांच्या रांगेत पुढे होते. त्या काळात विजेता फ्लॉइड पॅटरसनने किताब कुणासमोर ठेवला? पीट रॅडमाकर, ज्याची ती व्यावसायिक म्हणून पहिलीच लढत होती, आणि रॉय हॅरिस. पॅटरसनचा मॅनेजर कस डमाटो मोठ्या प्रवर्तकांच्या कंपूशी भांडत होता आणि त्या कंपूशी संबंध असलेल्या आव्हानवीरांना हात लावत नव्हता. मेकन आणि फॉलीनेही स्वतःचं नुकसान करून घेतलं. एप्रिल १९५८ मध्ये दोघे एकमेकांशी १२ फेऱ्या इतके जपून लढले की लढत बरोबरीत सुटली आणि प्रेक्षक कंटाळले. सप्टेंबरमध्ये मेकन स्वीडनमध्ये इंगेमार जोहान्सनकडून पहिल्याच फेरीत बाद झाला आणि पॅटरसनशी लढायची संधी जोहान्सनला मिळाली. तो जिंकलाही.

डावखुरा_जॅब

हे फार कामाचं आहे, धन्यवाद. पहिला ढीग जवळपास लागला. आता सत्तरच्या दशकाबद्दल कुणी सांगेल का? क्वारी, लाईल, शेव्हर्स, जिमी यंग, जॉर्ज चुव्हालो. पाचही नावं हवीत असं वाटतं, पण जागा तेवढ्या उरणार नाहीत.

लिव्हर_शॉट

पाचांत क्रम लावायचा तर प्रत्येक जण नेमका कशात कमी पडला ते बघा.

शेव्हर्स. ताकदीबद्दल वादच नाही. पण त्याचा उजवा हात कसा सुटायचा ते बघा: पाय रोवायचा, खांदा मागे घ्यायचा आणि सगळं वजन त्या एका ठोशात टाकायचा. ठोसा चुकला की तोल जायचा आणि पुन्हा उभं राहायला वेळ लागायचा. असे पाच-सहा फेऱ्या मारले की दम उतरायचा. सप्टेंबर १९७५ मध्ये डेन्व्हरला त्याने लाईलला पाडलं, पण सहाव्या फेरीत स्वतःच बाद झाला. सप्टेंबर १९७९ मध्ये लॅरी होम्सला सातव्या फेरीत असा पाडला की लढत संपल्यासारखी वाटली. होम्स उठला आणि मग शेव्हर्सकडे संपवायला दमच उरला नव्हता. अकराव्या फेरीत रेफ्रीने लढत थांबवली.

२९ सप्टेंबर १९७७ च्या अली-शेव्हर्स लढतीत आणखी एक गोष्ट घडली. टीव्हीवर प्रत्येक फेरीनंतर जजांचे गुण दाखवले जात होते. अलीच्या कोपऱ्यातल्या अँजेलो डंडीने ड्रेसिंग रूममधल्या टीव्हीसमोर माणूस बसवला होता, त्यामुळे अली पुढे आहे हे त्यांना लढत चालू असतानाच कळत होतं. शेवटी ९-६, ९-६ आणि ९-५-१ असे फेऱ्यांचे गुण अलीच्या बाजूने लागले. न्यूयॉर्कला तेव्हा फेऱ्या मोजायचे. एखादी फेरी थोडक्यात जिंकली काय आणि समोरच्याला हलवून जिंकली काय, हिशेबात दोन्ही सारख्याच. शेव्हर्ससारख्या मारणाऱ्याला ती पद्धत मुळीच फायद्याची नव्हती.

त्याचे मोठे विजय दोन धरा: १९७३ मध्ये जिमी एलिस पहिल्या फेरीत आणि १९७९ मध्ये केन नॉर्टन, तोही पहिल्या फेरीत. नॉर्टन तेव्हा ३५ वर्षांचा होता, पण वर्षभरापूर्वीच होम्सशी १५ फेऱ्या तोडीस तोड लढला होता, म्हणून हा विजय पक्का. बाकीच्या नॉकआउटांत दुय्यम प्रतिस्पर्धी फार आहेत. ६८ हा आकडा वाचताना यातले किती पहिल्या दहांतले होते ते मोजून बघा.

लाईल. कोलोरॅडोच्या तुरुंगात साडेसात वर्षं काढून बाहेर आला आणि ३० व्या वर्षी व्यावसायिक झाला. त्या वयात बाकीच्यांच्या चाळीस-पन्नास लढती होऊन गेलेल्या असतात. मे १९७५ मध्ये अलीविरुद्ध तो गुणांवर पुढे होता. अली दोरांवर टेकून ‘मार’ म्हणून बोलवत होता, लाईल गेला नाही, मधल्या जागेत शांत राहून जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकत राहिला. अकराव्या फेरीत अलीचा एक उजवा बसला, लाईलचे पाय सैल झाले, आणि मग तो बचाव करायच्याऐवजी नुसता उभा राहिला. रेफ्रीने थांबवलं. जानेवारी १९७६ च्या फोरमनविरुद्धच्या लढतीत चौथ्या फेरीत दोघेही पडले आणि पाचव्यात लाईल संपला. दुखावला गेल्यावर मिठी मारून वीस सेकंद काढायची सवय त्याला नव्हती. ती सवय लहानपणापासून शेकडो फेऱ्या लढून लागते आणि त्याच्याकडे तेवढी वर्षंच नव्हती.

चुव्हालो. ९३ लढती, एकदाही जमिनीवर पडला नाही. १९६६ मध्ये टोरांटोत अलीशी पूर्ण १५ फेऱ्या. पण पल्ल्याबाहेरून आत यायची त्याची एकच रीत होती, ठोसे अंगावर घेत सरळ पुढे. पॅटरसन, टेरेल, अली या फिरत्या पायांच्या बॉक्सरांपुढे गुण जमत नाहीत. यादीत आठव्या-नवव्या जागी.

क्वारी. या पाचांत हातात सगळ्यात जास्त गोष्टी असलेला. मागे सरकत प्रतिहल्ला करण्यात तो अव्वल होता. लाईलला १९७३ च्या फेब्रुवारीत गुणांवर हरवलं आणि त्याच डिसेंबरात शेव्हर्सला पहिल्या फेरीत झोपवलं. २४ पैकी २४ नॉकआउट असलेल्या मॅक फॉस्टरला १९७० मध्ये बाद केलं. तोटे दोन. एक, कातडी लवकर फाटायची: ज्यो फ्रेझरशी १९६९ ला आणि अलीशी १९७० ला दोन्ही लढती डोळ्याजवळच्या जखमेवर थांबल्या. दोन, चुकीचा प्रतिस्पर्धी समोर आला की तो आपली शैली सोडून द्यायचा. एप्रिल १९६८ मध्ये ओकलंडला एलिसशी डब्ल्यूबीएच्या रिकाम्या किताबासाठी लढताना त्याने वाट बघत बसण्यात फेऱ्या घालवल्या, कारण एलिसही मागेच राहिला. फ्रेझरशी नेमकं उलटं: मागे सरकून मारायचं सोडून समोर उभा राहून मारामारी केली. ही अदलाबदल झाली नसती तर एलिसकडून पट्टा त्याने घेतला असता, असं माझं मत आहे.

यंग शेवटी ठेवलाय, कारण माझ्या हिशेबात या पाचांत तो पहिला. १७ मार्च १९७७ रोजी सान हुआनमध्ये फोरमनला १२ फेऱ्यांत हरवलं, शेवटच्या फेरीत खालीही पाडलं. फोरमन त्यानंतर दहा वर्षं रिंगबाहेर राहिला. लाईलला दोनदा हरवलं. आणि ५ नोव्हेंबर १९७७ ची नॉर्टनशी झालेली लढत: १५ फेऱ्या, दोन जज नॉर्टनकडे, एक यंगकडे. मार्च १९७८ मध्ये डब्ल्यूबीसीने लिऑन स्पिंक्सचा किताब काढून घेतला आणि त्या लढतीच्या जोरावर नॉर्टनला जगज्जेता जाहीर केलं. म्हणजे एका जजची पेन्सिल दुसऱ्या बाजूला वळली असती तर जिमी यंग जगज्जेता झाला असता आणि आज या धाग्यात त्याचं नावच निघालं नसतं.

कोपऱ्यातला_स्टूल

यंगच्या बाबतीत सहमत, क्वारीच्या बाबतीत नाही. डिसेंबर १९६९ मध्ये चुव्हालोने त्याला सातव्या फेरीत पाडलं, क्वारी लगेच उठू शकत होता, पण एक गुडघा टेकून राहिला आणि मोजणी चुकली. दहा झाल्यावर उठला. मोजणी चालू असताना आवाजावर भिस्त ठेवायची नसते, रेफ्रीच्या बोटांकडे बघायचं असतं, आठला उठायचं असतं. पहिल्या पाचांतल्या बॉक्सरकडून ही चूक झाली हे मी विसरू शकत नाही. शिवाय अली आणि फ्रेझर, दोघांविरुद्ध दोन-दोन लढती आणि एकही विजय नाही. सातवी जागा, त्याच्यावर नाही.

चौथा_पट्टा

ऐंशीनंतरचं मी घेतो.

गेरी कूनी. ११ जून १९८२, लास व्हेगस, होम्सकडून तेराव्या फेरीत पराभव. कंबरेखालच्या ठोशांसाठी कूनीचे ३ गुण कापले गेले. बारा फेऱ्यांनंतर दोन जजांकडे होम्स ११३-१११ ने पुढे होता. ते तीन गुण परत घाला, दोन्ही कार्डांवर कूनी ११४-११३ होतो. पण थांबण्याचं कारण गुण नव्हते, थकवा होता. आधीच्या दोन वर्षांत त्याच्या सगळ्या लढती पहिल्या काही मिनिटांत संपलेल्या. नॉर्टनला १९८१ मध्ये ५४ सेकंदांत संपवलं, त्यानंतर तेरा महिने एकही लढत नाही. १५ फेऱ्यांसाठी माणूस तयार होतो तो ८-१० फेऱ्यांच्या कठीण लढतींतून. त्या त्याला दिल्याच गेल्या नाहीत.

डेव्हिड टुआ. पुढे जगज्जेते झालेल्या तिघांना त्याने आधी झोपवलं होतं: जॉन रुइझ १९ सेकंदांत (१९९६), ओलेग मास्काएव्ह (१९९७), हसीम रहमान (१९९८). तरी पट्टा नाही. नोव्हेंबर २००० मध्ये लेनॉक्स लुईसकडून ११९-१०९, ११८-११०, ११७-१११ असा सरळ पराभव. उंची ५ फूट १० इंच विरुद्ध ६ फूट ५ इंच, हातांचा पल्ला ७० विरुद्ध ८४ इंच. चौदा इंच कापायचे तर डोकं हलवत आत यावं लागतं, अंगावर मारत यावं लागतं, आणि पहिल्या ठोशामागे तीन-चार टाकावे लागतात. टुआने त्या रात्री एकच डावा हूक शोधला. वजनही बघा: जून १९९७ मध्ये आयके इबिआबुचीशी लढताना तो साधारण २२५ पौंडांचा होता, लुईसविरुद्ध २४५. इबिआबुचीशी झालेली लढत तो हरला, पण दोघांनी मिळून १७३० ठोसे टाकले, हेवीवेटमधला तो विक्रम. तो टुआ आणि लुईससमोरचा टुआ एकामागोमाग बघा, हातांच्या संख्येतच फरक कळेल. लँगफर्डबद्दल वर जे लिहिलंय ते टुआला लागू पडायला हवं होतं.

इबिआबुची १९९९ पर्यंत २० लढती, २० विजय. १९९९ मध्ये ख्रिस बर्डला पाचव्या फेरीत बाद केलं आणि मग तुरुंगात गेला. वीस लढतींवर पहिल्या दहांत घेऊ नका.

अँड्र्यू गोलोटा. १९९६ मध्ये रिडिक बोवविरुद्ध दोनदा पुढे असताना दोनदा कंबरेखाली मारून बाद ठरला. २००४-०५ मध्ये तीन पट्ट्यांसाठी लढला: बर्डशी बरोबरी, रुइझला दुसऱ्या फेरीत दोनदा पाडूनही गुणांवर हार, लॅमन ब्रूस्टरकडून पहिल्याच मिनिटात खेळ खलास. १९९७ मध्ये लुईसकडूनही पहिल्याच फेरीत. चारही संघटनांच्या किताबांसाठी लढून एकही न मिळालेला. कसब पहिल्या पाचांतलं, हिशेब दहाव्या जागेचा.

अलीकडचं एकच नाव: लुईस ऑर्टिझ. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिऑन्टे वाइल्डरविरुद्ध सहा फेऱ्यांनंतर तिन्ही कार्डांवर पुढे, सातव्यात एका उजव्यावर बाद.

दहावी_फेरी

तेओफिलो स्टीव्हनसन कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगतो. १९७२, १९७६, १९८० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं, आणि १९७६ ला जॉन टेटला पहिल्या फेरीत झोपवलं, जो १९७९ मध्ये डब्ल्यूबीएचा जगज्जेता झाला. पण क्युबात व्यावसायिक खेळ बंद होते आणि तो त्या वाटेला गेला नाही. त्याच्या लढती तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांच्या, एकूण ९ मिनिटं. किताबाची लढत तेव्हा ४५ मिनिटांची. चौथ्या फेरीपासून तो कसा लढला असता याला एकही पुरावा नाही. यादीत नको, तळटीप हवी.

डावखुरा_जॅब

कच्चा क्रम असा झाला: लँगफर्ड, विल्स, जॅक्सन, बिव्हिन्स, यंग, मेकन, क्वारी, टुआ, शेव्हर्स, आणि दहाव्या जागी जिनेट की लाईल ते ठरत नाहीये. जिनेटने एप्रिल १९०९ मध्ये पॅरिसला मॅकव्हीला ४९ व्या फेरीनंतर स्टूलवरून उठू न देता हरवलं, तेवढ्यावर त्याला घ्यावं का?

आणखी एक. यंगच्या अलीविरुद्धच्या लढतीबद्दल दोन टोकाची मतं वाचली. बघताना काय बघायचं?

लिव्हर_शॉट

जिनेटला घ्या, पण त्या एका लढतीमुळे नाही. त्या लढतीत तो स्वतः पंचवीसहून जास्त वेळा पडल्याचं सांगतात, तेव्हा ती चिवटपणाची साक्ष आहे, वर्चस्वाची नाही. त्याला घ्यायचं ते लँगफर्डशी डझनभराहून जास्त वेळा लढून टिकल्याबद्दल.

यंग-अली, ३० एप्रिल १९७६, लँडोव्हर. समालोचनाचा आवाज बंद करा, तो अलीच्या बाजूने ओढतो. कागदावर १५ रकाने काढा, प्रत्येक फेरी संपल्याबरोबर १०-९ लिहा आणि मागे जाऊन खोडू नका. तीन गोष्टी बघा. अलीचं वजन २३० पौंड, तोवरच्या कारकिर्दीतलं सर्वाधिक, म्हणून त्याचा जॅब पोचतो पण मागचा उजवा येत नाही. यंग त्या जॅबवरून उजवा टाकतो, पण एकच टाकतो आणि मागे होतो, त्यामुळे फेऱ्या अगदी निसटत्या राहतात. आणि कोंडीत सापडला की तो डोकं दोरांबाहेर काढतो. नियमाने रेफ्रीला लढत थांबवावी लागते. एकदा तर त्यावर मोजणीही झाली. हे त्याने अनेकदा केलं. बचाव म्हणून ते कामी आलं, पण विजेत्याविरुद्ध निसटत्या फेऱ्या मागणाऱ्या आव्हानवीराने जजांसमोर पाठ फिरवून दोरांबाहेर डोकं काढलं की ती फेरी गेलीच समजा. त्या फेऱ्यांसमोर खूण करा. खुणा असलेल्या फेऱ्या अलीला दिल्यावर तुमच्या कागदावर यंगकडे किती उरतात ते इथे लिहा, मग बोलू.